पाणी झटकणारे थर आणि शेतातला पाऊस: मेण, सिलिकॉन, फिल्म, मेणाळलेली वाळू

वाफसा

या विषयावर वेगवेगळ्या धाग्यांवर तुकड्यातुकड्याने बरंच लिहून झालंय आणि दर वेळी तीच गल्लत होते. म्हणून एक स्वतंत्र धागा.

गल्लत अशी, की 'जलरोधक' आणि 'पाणी झटकणारा' हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. प्लास्टिकची फिल्म जलरोधक असते. तिला छिद्रंच नाहीत, त्यामुळे वर एक मीटर पाणी उभं राहिलं तरी ते खाली जात नाही. मेण लावलेली माती किंवा सिलिकॉन मारलेली वाळू यांना छिद्रं असतात, फक्त त्या छिद्रांच्या भिंती पाण्याला जवळ करत नाहीत. थेंब गोल राहतो आणि उतार मिळाला की घरंगळतो. उतार मिळाला नाही तर? तर तिथेच साठतो, साठलेल्या पाण्याचं वजन वाढत जातं आणि एका क्षणी ते छिद्रांतून जबरदस्तीने घुसतं.

हा क्षण कधी येतो ते मोजता येतं. पाण्याचा पृष्ठताण मीटरला ०.०७२ न्यूटन आणि मेणावर थेंबाचा स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन; ९० च्या वर गेला की पृष्ठभाग झटकणारा) साधारण ११० अंश धरला, तर ०.१ मिमी त्रिज्येच्या छिद्रात पाणी घुसायला अंदाजे ५ सेंमी उंचीचं पाणी लागतं. छिद्राची त्रिज्या ०.५ मिमी असेल तर फक्त १ सेंमी पुरतं. म्हणजे भरड वाळूचा थर कितीही छान झटकत असला, तरी त्यावर बोटाच्या पेराइतकंही पाणी उभं राहू देता कामा नये. बारीक वाळू जास्त दाब सहन करते. बरेच जण नेमकं उलटं करतात, भरड वाळू 'मजबूत' म्हणून निवडतात.

शेतात या साहित्याची कामं तीन. पहिलं, पिकाच्या बाजूची जागा झटकणारी करून तिथला पाऊस पिकाकडे वळवणं. दुसरं, ओल्या मातीवर झाकण घालून बाष्पीभवन कमी करणं. तिसरं, मुळांच्या खाली तळ घालून पाणी निसटू न देणं. तिन्हींना साहित्य वेगळं आणि चुकाही वेगळ्या. चर्चा करताना आधी कोणतं काम ते सांगा, म्हणजे एकमेकांच्या डोक्यावरून बोलणं होणार नाही.

गणिती

पहिल्या कामाबद्दल. किती जागा झटकणारी करायची हे साहित्य विकत घेण्याच्या आधी ठरतं, नंतर नाही.

सूत्र सोपं आहे. पिकाची पाण्याची गरज वजा भरवशाचा पाऊस, हे अंशस्थानी. छेदस्थानी भरवशाचा पाऊस गुणिले अपवाह गुणांक (पडलेल्या पावसापैकी वाहून येणारा वाटा) गुणिले वापराची कार्यक्षमता (आलेल्या पाण्यापैकी पिकाच्या कामी येणारा वाटा). उत्तर येतं ते 'पाणलोट भागिले पिकाचं क्षेत्र'. पाणलोट म्हणजे जिथला पाऊस वाहून पिकाकडे येतो ती जागा.

समजा पिकाची गरज ५०० मिमी, भरवशाचा पाऊस ३०० मिमी, कार्यक्षमता ०.७५.

साध्या मातीचा अपवाह गुणांक ०.३ धरला तर: २०० भागिले (३०० × ०.३ × ०.७५) म्हणजे २०० भागिले ६७.५, उत्तर जवळपास ३. पिकाच्या दर चौरस मीटरमागे ३ चौरस मीटर मोकळी जागा सोडावी लागेल.

तीच जागा मेणाने किंवा फिल्मने ०.८ वर नेली तर: २०० भागिले १८०, म्हणजे १.१.

झटकणारा थर जे काही वाचवतो ते हे, पाणलोटाची जागा. जागा भरपूर आणि पडीक असेल तर एवढा खर्च करण्याचं कारण उरत नाही. नेगेवच्या वाळवंटात वर्षाला साधारण १०० मिमी पावसावर जुन्या लोकांनी शेती केली ती कसल्याही लेपाशिवाय. उतारावरचे दगड वेचून माती उघडी केली, पावसाने तिच्यावर घट्ट पापुद्रा धरला आणि शेताच्या २० ते ३० पट पाणलोट वापरला. इस्रायलमध्ये अवदात इथे मायकेल एवेनारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तशी शेतं पुन्हा उभी करून हे मोजून दाखवलं.

आणि 'भरवशाचा पाऊस' म्हणजे सरासरी पाऊस नव्हे. तीनपैकी दोन वर्षं तरी जेवढा नक्की पडतो तो. सरासरी धरली की कोरड्या वर्षात पाणलोट अपुरा पडतो, आणि नेमकं त्याच वर्षी तो लागणार असतो.

नवशिका

चांगली माहिती. दोन शंका. माती नुसती रोलरने दाबून घट्ट केली तर अपवाह वाढतोच ना? मग झटकणारं काही कशाला लावायचं? आणि ०.८ हा आकडा रिमझिम पावसालाही लागू होतो का?

गणिती

दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचं उत्तर आहे.

दाबलेली माती आधी स्वतः ओली होते, मग वाहू देते. सुरुवातीचे काही मिलिमीटर ती स्वतःच पिते. दोन पावसांत खंड पडला की पुन्हा कोरडी, पुन्हा पिणार. म्हणून ५ मिमीच्या सरीत दाबलेल्या मातीवरून जवळजवळ काहीच मिळत नाही, ५० मिमीच्या पावसात भरपूर मिळतं. मेणाचा किंवा फिल्मचा पृष्ठभाग १ मिमीच्या आतच वाहू लागतो. खरा फरक लहान सरींमध्ये आहे, आणि कोरडवाहू भागात सरींची संख्या मोजली तर बहुतेक लहानच असतात.

एक सर जवळून बघा. ६० सेंमी रुंद वरंबा फिल्मने झाकलेला, शेजारी ६० सेंमीची उघडी सरी (वरंब्याशेजारचा खोलगट पट्टा), पीक सरीत. पाऊस ५ मिमी. वरंब्यावरून ९० टक्के आलं तर सरीला स्वतःचे ५ आणि वरून ४.५, एकूण ९.५ मिमी. कोरड्या मध्यम मातीला भिजायला घनफळाच्या १५ टक्के पाणी लागतं असं धरा. ५ मिमी पाणी ३.३ सेंमी खोल जातं आणि ते दोन दिवसांच्या उन्हात उडून जातं. ९.५ मिमी ६ सेंमीच्या पुढे जातं. वरचे ३ सेंमी वाळले तरी त्याच्याखाली काहीतरी शिल्लक राहतं. जी सर वाया जाणार होती ती कामाला आली.

जाता जाता, फिल्मवर खडी पसरून ती उन्हापासून आणि वाऱ्यापासून वाचवण्याची जुनी पद्धत टिकाऊपणाला उत्तम आहे, पण खडी स्वतः दोन-एक मिमी पाणी धरून ठेवते. म्हणजे लहान सरींचा फायदा तिथे गेला.

मेणबत्ती

मेणाची पद्धत सविस्तर लिहितो. हे तंत्र नवं नाही. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये १९७० च्या दशकात पाणलोटावर पॅराफिन वापरून पद्धतशीर प्रयोग झाले आहेत.

माती: वालुकामय किंवा वालुकामय पोयटा. चिकणमातीचं प्रमाण साधारण २० टक्क्यांच्या आत हवं. फुगणाऱ्या-भेगाळणाऱ्या काळ्या मातीत हे करूच नका. मेणाचा थर मातीबरोबर ताणला जात नाही. पहिली भेग पडली की पाणी सरळ भेगेत जातं आणि कडेने थर उचलला जातो.

जागेची तयारी: तण मुळासकट काढा. राहिलेलं एक मूळही पुढच्या हंगामात थर फोडून वर येतं. दगड, ढेकळं काढून ३ ते ५ टक्के उतार द्या, म्हणजे १० मीटरला ३० ते ५० सेंमी. वाफशावर (ना चिखल, ना कोरडी, अशी ओलसर) असताना रोलर फिरवा आणि मग जागा पूर्ण वाळू द्या. पूर्ण म्हणजे वरचे ३–४ सेंमी हातात घेतले तर गारवा लागता कामा नये. ओल्या मातीच्या छिद्रांत पाणी असतं, त्यामुळे मेण आत न जाता वर साय धरल्यासारखं बसतं आणि पहिल्याच उन्हाळ्यात पापुद्र्याने सुटतं.

मेण: ५२ ते ५४ अंशांना वितळणारं पॅराफिन. प्रमाण चौरस मीटरला १ किलोच्या आसपास. १०० चौरस मीटरला १०० किलो, तेव्हा आधी हिशेब करा आणि मगच उत्साह दाखवा.

लावायच्या दोन तऱ्हा. एक, वितळवून फवारणं. मेणाचं भांडं थेट आचेवर न ठेवता उकळत्या पाण्याच्या भांड्यात ठेवा, म्हणजे तापमान १०० च्या वर जाणारच नाही. मेण १०० च्या वर तापलंच तर त्यात पाण्याचा थेंब पडू देऊ नका, फटकन उडतं. फवारणीचा पाइप आणि नोझल गरम नसतील तर मेण मधेच थिजून बसतं, ही सर्वांत जास्त वेळा होणारी अडचण. दुसरी तऱ्हा, मेणाचा चुरा सारखा पसरून ऊन त्याला वितळवेल अशी व्यवस्था करणं. कडक उन्हाळ्यात उघड्या कोरड्या मातीचा पृष्ठभाग दुपारी ६० अंशांच्या पुढे जातो, तेवढं पुरतं. थंड किंवा ढगाळ हवामानात ही तऱ्हा बाद.

बरोबर झालं असेल तर मेण वर दिसत नाही. माती थोडी गडद दिसते आणि नखाने उकरलं तर एक-दोन सेंमीपर्यंत कण चिकटलेले लागतात. पृष्ठभागावर पांढरट तकाकी दिसत असेल तर मेण आत गेलेलं नाही.

नीट केलेल्या थरावरून पावसाचं ६० ते ९५ टक्के पाणी मिळतं आणि आयुष्य ५ ते ८ वर्षं धरतात. आकड्यांमधली एवढी मोठी तफावत मातीमुळे आणि पायांमुळे. जनावरांचे खूर एका दिवसात पाच वर्षांचं काम करून जातात. कुंपण नसेल तर मेण लावू नका.

रसायनी

मेणबत्तींच्या प्रतिसादाला जोड. सिलिकॉन गटातलं साहित्य म्हणजे बहुधा सोडियम किंवा पोटॅशियम मिथाइल सिलिकोनेट. विटांच्या भिंतींवर मारतात तेच. ते पाण्यात विरघळतं, साध्या पंपाने फवारता येतं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी क्रिया होऊन कणांवर झटकणारा थर बनतो. वितळवण्याची भानगड नाही.

पण तीन गोष्टी लक्षात ठेवा.

हा थर कणांना चिकटवत नाही. मेण थोडं तरी बांधून ठेवतं, सिलिकोनेट फक्त कणाचा स्वभाव बदलतं. त्यामुळे सुटी वाळू असेल तर पाणी झटकलं जातं आणि जाताना वरचा लेप दिलेला कणही घेऊन जातं. उतार कमी आणि उताराची लांबी थोडी ठेवावी लागते. दोन-चार मीटरच्या पट्ट्या बऱ्या. लांब उतारावर पाणी वेग धरतं आणि ओघळ पाडतं. एकदा ओघळ पडला की त्याच्या तळाशी लेप नसलेली माती उघडी पडते आणि मग सगळं पाणी तिथेच मुरतं.

फवारल्यावर किमान २४ तास पाऊस नको. क्रिया पूर्ण होण्याआधी भिजलं तर लेप धुऊन खाली जातो, आणि मग झटकणारा थर पृष्ठभागावर न राहता चार बोटं खाली तयार होतो. वरची माती चिखल होऊन त्याच्यावरून घसरते.

मूळ द्रावण तीव्र अल्कधर्मी असतं. हातमोजे, चष्मा लागतोच. काच आणि ॲल्युमिनियमवर उडालं तर कायमचे डाग पडतात. २–३ टक्क्यांपर्यंत विरळ केलेलंही पिकाच्या पानांवर जाऊ देऊ नका. वारा पडलेला असताना, पेरणीच्या आधी फवारणी उरकावी.

आणि एक स्पष्ट सांगतो. कापडावर, छत्रीवर मारायचे फ्लोरिनयुक्त स्प्रे झटकायला सर्वांत भारी असतात म्हणून कोणी शेतात आणत असेल तर आणू नका. कार्बन-फ्लोरिन बंध मातीत मोडत नाही. ती रसायनं पाण्याबरोबर विहिरीपर्यंत जातात आणि काही पिकांतही शोषली जातात. स्पर्शकोन १५० अंश आहे की ११०, याने ४ टक्के उतारावर वाहणाऱ्या पाण्याला फारसा फरक पडत नाही.

चिकित्सक

सगळं ठीक, पण मेणाला चौरस मीटरला किलो आणि फिल्मला काही ग्रॅम. व्यवहारात लोक फिल्मच वापरणार. तिच्या अवशेषांबद्दल कोणी का बोलत नाही?

चीनच्या लोएस पठारावर (वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक मातीचा प्रदेश) फिल्मने झाकलेले वरंबे आणि मधे पीक ही पद्धत प्रचंड प्रमाणावर पसरली, उत्पादनही वाढलं. पण वर्षानुवर्षं ०.००८ मिमीची फिल्म वापरली गेली. इतकी पातळ फिल्म हंगामानंतर उचलायला गेलं की हातात तुकडे येतात, बाकीची नांगराखाली जाते. मातीत साठलेले तुकडे मुळांना आणि पाण्याला आडवे येतात. शेवटी त्यांना मानक बदलावं लागलं. २०१८ पासून किमान जाडी ०.०१० मिमी झाली, ती मुख्यतः फिल्म गोळा करता यावी म्हणूनच.

माझ्या मते २५ मायक्रॉनच्या, म्हणजे ०.०२५ मिमीच्या, खाली जाऊच नये. पीक निघाल्यावर लगेच, फिल्म उन्हाने ठिसूळ होण्याआधी, एका टोकाकडून गुंडाळत काढावी. आधी कडेची माती मोकळी करायची, नंतर ओढायची. उलट केलं की फाटते.

वाफसा

+१. फक्त एक भर. 'जैवविघटनशील' म्हणून मिळणाऱ्या सगळ्या फिल्म मातीत विघटित होत नाहीत. काहींना औद्योगिक कंपोस्टची उष्णता लागते. काही तर साधं पॉलिथिन असतं, त्यात उन्हाने तुकडे पाडणारं द्रव्य मिसळलेलं असतं. त्यातून फिल्म नाहीशी होत नाही, फक्त दिसेनाशी होते. 'मातीत विघटन' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्यावी.

आता दुसऱ्या कामाकडे, झाकणाकडे वळू या. मेणाळलेल्या वाळूबद्दल कोणी लिहिणार का?

थेंबेथेंब

लिहितो.

ओल्या मातीतलं पाणी केशाकर्षणाने वर चढतं आणि पृष्ठभागावरून उडतं. वर झटकणाऱ्या वाळूचा थर असेल तर पाणी त्या थराच्या खालच्या कडेला येऊन थांबतं, पुढे फक्त वाफ जाऊ शकते. तीही कणांमधल्या हवेतून हळूहळू. सौदी अरेबियातल्या किंग अब्दुल्ला विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातल्या गटाने २०२२ साली हे काम प्रसिद्ध केलं. ५ ते १० मिमी जाडीच्या थराने बाष्पीभवन ५६ ते ७८ टक्क्यांनी घटलं, आणि टोमॅटो, सातू, गहू यांच्या शेतातल्या चाचण्यांत उत्पादन वाढलं.

त्यात मेणाचं प्रमाण बघण्यासारखं आहे. ६०० भाग वाळूला १ भाग मेण. १ सेंमी थर म्हणजे चौरस मीटरला साधारण १६ किलो वाळू, म्हणजे मेण फक्त २७ ग्रॅमच्या आसपास! वर मेणबत्तींनी १ किलो सांगितलं आहे. दोन्ही बरोबर आहेत. कारण कणाचा आकार. ०.२ मिमीच्या वाळूच्या किलोभर कणांचा एकूण पृष्ठभाग ११ चौरस मीटर भरतो. दहापट बारीक गाळाचा दहापट, आणि चिकणमातीचा हजारो पट. मेण कणांच्या पृष्ठभागाला लागतं, वजनाला नाही. शिवाय पाणलोटावर मेणाने कण बांधायचेही असतात, झाकणाला त्याची गरज नाही.

म्हणून वाळू धुऊन घ्या. धुतल्यावर खाली राहणारं गढूळ पाणी म्हणजेच मेण खाणारा गाळ. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायची, कडक वाळवायची, ०.२ ते ०.८ मिमीच्या मधली चाळून घ्यायची.

प्रयोगशाळेत मेण हेक्झेनमध्ये विरघळवून वाळूवर चढवतात. शेतावर ते करू नका, त्याची वाफ ठिणगीने पेट घेते. फिरत्या मिक्सरमध्ये वाळू ८०–९० अंशांपर्यंत तापवून वितळलेलं मेण धारेने सोडणं आणि थंड होईपर्यंत मिक्सर फिरत ठेवणं हा सुरक्षित मार्ग. मधेच थांबवलं की गोळे बनतात. या रीतीने मेण तितकं पातळ पसरत नाही, तेव्हा १:६०० वर अडून बसू नका. १:२०० पासून सुरुवात करून थेंब ठेवून बघा आणि मग मेण कमी करत जा.

नवशिका

पण मग पाऊस? झाकण खालचं पाणी वर येऊ देत नाही तसं वरचं खाली कसं जाऊ देईल?

थेंबेथेंब

जाऊ देत नाही, हीच तर मेख आहे! सपाट पसरलेली मेणाळलेली वाळू हलका पाऊस वरच अडवते आणि तो तिथेच उडून जातो. म्हणून हे झाकण ठिबकच्या शेतीत शोभतं, जिथे नळी थराच्या खाली असते. पावसावर वापरायचं असेल तर थराला रोपाकडे उतार द्या आणि बुंध्याभोवती ८–१० सेंमीचं वर्तुळ साध्या मातीचं उघडं ठेवा. मग तो थर पाणलोट आणि झाकण अशी दोन्ही कामं करतो. उघडं वर्तुळ विसरलं तर पावसाळ्यात रोप तहानलेलं राहील.

ज्या जमिनीत खालून क्षार वर येतात तिथे याचा वेगळा फायदा आहे. पाणी पृष्ठभागावर येत नाही, म्हणून क्षारही तिथे साचत नाहीत.

पाटकरी

तिसरं काम राहिलं, तळ. वाफसा यांनी वर दाबाचा आकडा दिलाय तो इथे सर्वांत महत्त्वाचा.

मुळांखाली ४०–५० सेंमीवर झटकणाऱ्या वाळूचा थर घातला तर वरच्या मातीत पाणी जास्त वेळ टिकतं, हे खरं. पण तो थर म्हणजे टाकीचा तळ नव्हे. त्यावर पाणी उभं राहिलं आणि ते ५ सेंमीच्या पुढे गेलं की सगळ्यात मोठ्या छिद्रातून फुटतं, आणि एकदा वाट भिजली की ती भिजलेलीच राहते. माझ्या मते हे दुर्गुण कमी आणि गुण जास्त आहेत. जोरदार पावसात जास्तीचं पाणी आपोआप निघून जातं, मुळं कुजत नाहीत. प्लास्टिकचा तळ घातला असता तर कुंडीच झाली असती. मात्र थर वाळूनेच घालायचा, आणि वर-खाली पातळ कापड अंथरायचं. नाहीतर वरची बारीक माती वाळूत झिरपते आणि दोन-तीन हंगामांत थर ओला होऊ लागतो.

पाणी खरोखरच साठवायचं असेल तर शेततळं करा आणि त्याला जाड फिल्मचं अस्तर घाला. झटकणाऱ्या वाळूकडून ते काम होणार नाही.

तपासण्यासाठी: १० सेंमी व्यासाच्या पाइपच्या तुकड्याला खाली जाळी बांधा, ५ सेंमी मेणाळलेली वाळू हलकेच ठोकून भरा, वर १ सेंमी पाणी घाला आणि अर्धा तास थांबा. मग २, मग ३. जिथे खालून थेंब पडला त्याच्या निम्म्या उंचीवर शेतात भरवसा ठेवा.

नवशिका

मेणाचा थर दिसायला शाबूत, भेगा नाहीत, पण दुसऱ्या वर्षी थेंब गोल न राहता पसरतो. असं का होतं?

रसायनी

तीन संशयित.

धूळ. वाऱ्याने आलेली माती मेणावर बसते. ती ओली होणारी असते. एखाद्या मिलिमीटरची धूळ असली तरी थेंब मेणाला भेटतच नाही. फडा मारून बघा. खाली थेंब गोल राहिला तर थर ठीक आहे, फक्त पावसाळ्याआधी एकदा झाडून घ्या.

दुसरा, फवारणीतलं स्टिकर. कीटकनाशकात जे पसरवणारं द्रव्य घालतात त्याचं कामच मुळी पाण्याचा पृष्ठताण कमी करणं हे आहे. पृष्ठताण उतरला की स्पर्शकोनही उतरतो आणि झटकणाऱ्या छिद्रातून पाणी आरामात जातं. साबणाच्या पाण्याचंही तेच. शेजारच्या पिकावर फवारताना पाणलोटाच्या पट्टीवर उडू देऊ नका. उडालंच तर पुढच्या एक-दोन पावसांत बरंचसं धुऊन जातं, तेवढा काळ अपवाह कमी मिळेल.

तिसरा, ऊन. वरच्या मेणाचं हळूहळू ऑक्सिडीकरण होतं आणि त्याचा स्वभाव पाण्याकडे झुकतो. अशा वेळी पूर्ण नवा थर लागत नाही, हलका हात फिरवला तरी पुरतं.

कोणता संशयित आहे ते थेंबाच्या चाचणीने कळतं. कोरड्या पृष्ठभागावर जवळून पावसाच्या पाण्याचे पाच-सहा थेंब वेगवेगळ्या जागी ठेवा आणि घड्याळ लावा. ५ सेकंदांच्या आत मुरला तर झटकण्याचा गुण गेलेला आहे. ५ ते ६० सेकंद म्हणजे किरकोळ, ६० ते ६०० चांगला, ६०० च्या पुढे उत्तम. पाणलोटासाठी मी ६०० च्या खाली समाधान मानणार नाही. झाडलेली आणि न झाडलेली जागा, दोन्हीकडे करा.

पाटकरी

आणि मुंग्या. थर शाबूत दिसतो, थेंब गोल राहतो, तरी पाणी कमी मिळतं. अशा वेळी खालच्या कडेला गुडघ्यावर बसून बघा, मुंग्यांची किंवा वाळवीची भोकं असतात. एका भोकातून सरीभर पाणी जातं. भोक मातीने बुजवू नका, ती माती भिजेल. मेणाळलेल्या वाळूने ठासून बुजवा.

गणिती

सगळे पाणी कमी मिळण्याबद्दल बोलताय. जास्त मिळण्याबद्दलही बोला, कारण बांध फुटतात ते त्यामुळे.

झाडामागे २० चौरस मीटर झटकणारी जागा आणि ५ चौरस मीटरचं आळं असं धरा. ४० मिमी पाऊस आला. जागेवरून २० × ४० × ०.८ म्हणजे ६४० लिटर, आळ्यावर थेट २०० लिटर. ५ चौरस मीटरमध्ये ८४० लिटर म्हणजे १६.८ सेंमी पाणी. बांध २५ सेंमी तरी हवाच. ८० मिमीच्या पावसात हेच पाणी दुप्पट होऊन बांधावरून जाईल. म्हणून बांध उंच करत बसण्यापेक्षा १८–२० सेंमीवर दगडांनी बांधलेला सांडवा (जास्तीचं पाणी जायची वाट) ठेवा, तो खालच्या आळ्याकडे तोंड करून.

साध्या मातीच्या पाणलोटावर चाललेला बांध लेप दिल्यावर तसाच ठेवणं ही नेहमीची चूक. अपवाह ०.३ वरून ०.८ वर गेला की पाणलोटावरून आळ्यात येणारं पाणी अडीच पटीहून जास्त होतं. लेपाआधी बांध.

आणि आळ्यातली माती पाणी किती वेगाने पिते ते आधी मोजा. २४ तासांनंतरही पाणी उभं दिसत असेल तर आळं मोठं करा किंवा पाणलोट लहान करा. पाणी न पिणाऱ्या भारी जमिनीत जास्त पाणी आणून टाकणं म्हणजे मुळं गुदमरवणं.

चिकित्सक

थोडं अवांतर. वाळूला पाणी झटकायला शिकवण्याची आपण इथे खटपट करतोय आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात शेतकरी नेमकी उलटी खटपट करतात. तिथल्या वालुकामय जमिनी कुजलेल्या वनस्पतींच्या मेणामुळे आपोआप पाणी झटकू लागतात. पेरलेलं बी कुठे भिजतं, कुठे कोरडंच राहतं आणि उगवण ठिकठिकाणी होते. उपाय म्हणून ते चिकणमाती आणून मिसळतात किंवा ओलावा धरणारं द्रव्य पेरणीच्या ओळीत सोडतात.

यातून आपल्यालाही काही मिळतं. पाणलोटाची जागा पुढे शेतीखाली आणायची असेल तर लेप कसा घालवायचा हे तिथून शिकता येईल.

नवशिका

तेच विचारणार होतो. मेण लावलेली जागा पुन्हा पेरायची झाली तर?

मेणबत्ती

थर १–२ सेंमीचाच असतो. खोल नांगरून १५–२० सेंमी मातीत मिसळला की मेणाचं प्रमाण दहा-पंधरा पट विरळ होतं, आणि मातीतले जिवाणू पॅराफिन हळूहळू खातात. वालुकामय जमीन असेल तर चिकणमाती आणि शेणखत मिसळा. त्यांच्या बारीक कणांवर मेण वाटलं जातं. पहिल्या हंगामात महत्त्वाचं पीक घेऊ नका. नांगरल्यावर, एक पाऊस झाल्यावर आणि पुन्हा वाळल्यावर थेंबाची चाचणी करा. सगळीकडे ५ सेकंदांच्या आत मुरू लागलं की पेरा. फिल्म असेल तर नांगर घालण्याआधी शेवटचा तुकडाही वेचा.

सिलिकोनेटचा लेप मात्र जिवाणू खात नाहीत, तो फक्त मिसळून विरळच करता येतो. जागा कायमची पाणलोटासाठी आहे की चार-पाच वर्षांसाठी, हे ठरल्यावरच दोघांपैकी एक निवडा.